वाचकांचे प्रश्न : स्टॉकहोम, बेट धरून बघा

स्टॉकहोमची चौकशी करणारी पत्रं या वेळी बरीच आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा दरवर्षी थोड्याफार बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्या त्या ठिकाणच्या संकेतस्थळावर नजर टाकायला विसरू नका.

प्रश्न : हातात पूर्ण दोन दिवस आहेत आणि यादीत पंधरा ठिकाणं. जमेल का?

नाही जमणार. हट्टानं जमवलंत तर पंधराही ठिकाणं बाहेरूनच बघून याल. मेलारेन सरोवर जिथे बाल्टिक समुद्राला मिळतं, तिथे 14 बेटांवर हे शहर वसलं आहे. नकाशावर दोन ठिकाणं अगदी शेजारी दिसतात, पण मध्ये पाणी असतं आणि पूल भलतीकडेच. म्हणून यादी ठिकाणांची करू नका, बेटांची करा. एका बेटावर उतरलात की तिथलं सगळं आटपूनच पुढे निघा.

पहिल्या दिवशी सकाळी सिटी हॉलची पहिली इंग्रजी टूर घ्या. तिथून पूल ओलांडून जुन्या शहरात, म्हणजे गाम्ला स्तानला, चालत पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. राजवाड्याच्या बाहेरच्या चौकातला पहारेबदल सव्वाबाराला असतो, रविवारी सव्वाएकला. उन्हाळ्यात तो रोज होतो, इतर महिन्यांत आठवड्यातले ठरावीक दिवसच. बघायला पैसे पडत नाहीत, पण पुढे उभं राहायचं असेल तर अर्धा तास आधी जा. तो संपला की लगेच राजवाड्यात शिरा. बहुतेक जण इथेच चुकतात. आधी गल्ल्या फिरतात आणि चार वाजता राजवाड्याच्या दारात येतात, तेव्हा दार बंद व्हायला आलेलं असतं. गल्ल्या रात्री दहालाही तिथेच असतात.

दुसरा दिवस पूर्ण यूरगोर्डन बेटाला द्या. वासा संग्रहालय, स्कान्सेन हे उघड्यावरचं संग्रहालय, 'आबा' (ABBA) या स्वीडिश पॉप गटाचं संग्रहालय आणि ग्रोना लुंड हा पाळण्यांचा बाग, सगळं याच बेटावर आहे. यातली दोनच निवडा. संध्याकाळी फेरीनं स्लुसेनला या आणि सॉदेरमाल्म बेटाच्या कड्यावरच्या मोन्टेलियुसवेगेन या पायवाटेवर चढा. सिटी हॉल, रिद्दारहोल्मेन आणि सरोवर तिन्ही एका नजरेत येतात. यासाठी तिकीट काढून कुठल्या मनोऱ्यावर चढायची गरज नाही.

प्रश्न : वासा जहाज पहिल्याच दिवशी बुडालं, मग त्याचं एवढं कौतुक का? तीनशे वर्षं पाण्यात राहून लाकूड कुजलं कसं नाही? आणि संग्रहालयासाठी किती वेळ ठेवावा?

वेळ दोन तास. एका तासात उरकणारे लोक जहाजाला एक फेरी मारतात आणि "मोठं आहे" एवढंच म्हणून बाहेर येतात.

राजा गुस्ताव दुसरा अडॉल्फ याची पोलंडशी लढाई चालू होती आणि त्याला जबरदस्त युद्धनौका हवी होती. 64 तोफा, त्यांतल्या बहुतेक 24 पौंडांचा गोळा डागणाऱ्या, आणि त्या एकावर एक अशा दोन मजल्यांवर. पाण्याबाहेरचा भाग त्यामुळे फार जड झाला. तळात सुमारे 120 टन दगड भरलेले होते, ते हा वरचा भार तोलायला पुरे नव्हते. आणखी भरावेत तर जहाज खाली बसणार आणि खालच्या रांगेतली तोफांची तोंडं पाण्याला टेकणार. दोन्हीकडून कोंडी. निघण्याआधी चाचणी झाली होती. तीस माणसं डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवली. जहाज इतकं डोलायला लागलं की ॲडमिरलनं चाचणीच थांबवली. तरी 10 ऑगस्ट 1628 रोजी शिडं उघडली. सलामी देण्यासाठी तोफांच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. वाऱ्याच्या पहिल्या झोताला जहाज कललं आणि सावरलं. दुसऱ्या झोताला खालच्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं, आणि अवघे 1300 मीटर जाऊन ते बंदरातच बुडालं. सुमारे तीस माणसं गेली. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच झाली नाही. मूळ जहाजबांधणी प्रमुख हेनरिक हिबर्टसन तर आदल्या वर्षीच वारला होता.

एक बारीक गोष्ट काचेच्या कपाटात शोधा: सुतारांच्या मोजपट्ट्या. जहाजात चार सापडल्या, दोन स्वीडिश फुटाच्या आणि दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या. स्वीडिश फुटात बारा इंच, ॲमस्टरडॅमच्या फुटात अकरा, आणि दोन्ही फुटांची लांबीही वेगळी. एकाच जहाजावर काम करणारे सुतार दोन मापं वापरत होते. डावी बाजू उजवीपेक्षा जाड निघाली, ती बहुधा यामुळेच.

आता कुजण्याबद्दल. लाकूड पोखरणारा जहाजकिडा खाऱ्या पाण्यात जगतो. स्टॉकहोमजवळचं बाल्टिक पाणी मचूळ आहे, तिथे तो तग धरत नाही. त्यात पाणी थंड आणि तळाच्या गाळात प्राणवायू कमी. 24 एप्रिल 1961 रोजी, सुमारे 333 वर्षांनी, जहाज वर आलं. ओलं लाकूड तसंच सुकू दिलं असतं तर आकसून तडकलं असतं, म्हणून त्यावर 17 वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा फवारा मारला. हा मेणासारखा पदार्थ लाकडातल्या पाण्याची जागा घेतो. पण काम तिथे संपलं नाही. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं होतं. लोखंडी बोल्टांमुळे त्याचं आम्ल होऊ लागलं. पाच हजारांहून जास्त बोल्ट काढून खास पोलादाचे बसवावे लागले. हवेतली आर्द्रताही कायम बांधलेली असते. आत थोडं गार असतं, 18 ते 20 अंशांच्या आसपास, आणि उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. उन्हाळ्यातही अंगात एक पातळ स्वेटर असू द्या. फोटोसाठी फ्लॅश उपयोगाचा नाही. फोन कठड्यावर टेकवून नाइट मोडवर काढलात तर चांगला येतो.

बघण्याचा क्रम असा ठेवा. आधी छोटी फिल्म. मग रंगवलेली एक दशांश आकाराची प्रतिकृती. मूळ जहाज आज तपकिरी दिसतं, पण ते भडक रंगांत रंगवलेलं होतं, हे या प्रतिकृतीवरून कळतं. नंतर थेट सगळ्यात वरचा मजला गाठा आणि मजले उतरत खाली या. मागच्या भागावरचं कोरीवकाम वरूनच नीट दिसतं. सुकाणू आणि तळ शेवटी. खिडक्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला सिंहाची तोंडं कोरलेली आहेत. झाकण वर उचललं की ती शत्रूकडे बघणार, अशी योजना. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, जिथे खलाशांचं शौचालय होतं, तिथे एका बाकाखाली दबून बसलेला पोलिश सरदार कोरलाय. लढाईतल्या शत्रूची अशी जागा मुद्दाम शोधून काढलेली.

तोफा का दिसत नाहीत, असंही एका पत्रात विचारलंय. बहुतेक सगळ्या 1660च्या दशकातच पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या पिंपात उभं राहून वर काढल्या होत्या. आत तीनच उरल्या. जहाजावर चढू देत नाहीत, पण तोफांच्या मजल्याचा एक भाग तसाच्या तसा बांधून ठेवलाय, त्यात शिरता येतं.

दार उघडताच पोचा किंवा तीननंतर जा. मधल्या वेळात क्रूझ जहाजांचे जथे असतात. इंग्रजी टूर तिकिटातच येते आणि 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे.

प्रश्न : विमानतळावरून शहरात आणि शहरात फिरायला तिकिटं कशी काढायची? रोख किती न्यावी?

रोख नेऊ नका म्हटलं तरी चालेल. बरीच संग्रहालयं, कॅफे आणि सगळ्या बस फक्त कार्ड घेतात. सार्वजनिक शौचालयांतही बऱ्याच ठिकाणी कार्डच लागतं. दोन वेगवेगळी कार्डं ठेवा, परदेशी व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय दोन्हींवर आधी चालू करून घ्या, आणि पिन पाठ असू द्या.

मेट्रो, बस, ट्राम, लोकल आणि यूरगोर्डनची फेरी ही सगळी एसएल या एकाच यंत्रणेत येतात. एक तिकीट 75 मिनिटं चालतं, तेवढ्या वेळात कितीही वेळा बदला. बँकेचं कार्ड दारातल्या यंत्राला टेकवलं की तिकीट निघतं. मात्र एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायको एकाच कार्डानं पाठोपाठ जाऊ म्हणतात आणि दुसऱ्यासाठी दार उघडतच नाही. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. 65च्या पुढच्यांना सवलत आहे, त्यांचं तिकीट एसएलच्या ॲपमधून काढा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा चढउतार होणार असेल तरच 24 तासांचा पास परवडतो. तीन दिवस राहणार असाल तर 72 तासांचा घ्या.

अर्लांडा विमानतळ शहराच्या उत्तरेला सुमारे 40 किलोमीटरवर आहे. अर्लांडा एक्स्प्रेस वीसेक मिनिटांत नेते, पण महाग आहे. विमानतळाच्या खास बसला पाऊण तास लागतो. सगळ्यात स्वस्त मार्ग 583 क्रमांकाच्या बसनं मेर्स्ता आणि तिथून लोकल, दोन्ही मिळून एसएलच्या साध्या तिकिटात. विमानतळाच्याच स्टेशनवरून लोकल पकडलीत तर मात्र तिकिटावर स्टेशनचा वेगळा आकार पडतो. "लोकल स्वस्त" असं ऐकून गेलेले लोक तिथे फसतात. सामान जास्त आणि माणसं चार असतील तर ठरलेल्या भाड्याची टॅक्सीही हिशेबात बसते. पण बसण्याआधी खिडकीवर लावलेला दर वाचा. स्वीडनमध्ये टॅक्सीचे दर सरकार ठरवत नाही.

प्रश्न : गाम्ला स्तानमध्ये दुकानांशिवाय बघण्यासारखं काय आहे?

दुकानं वेस्टरलोंगातान या रस्त्यावर दाटली आहेत. तो सोडा आणि त्याला समांतर जाणारी प्रेस्तगातान धरा. गर्दी दहा पावलांत संपते. या गल्लीत कोकब्रिंकेन जिथे लागतं, त्या कोपऱ्यावर भिंतीत रून या प्राचीन नॉर्डिक लिपीतला दगड चिणलाय आणि त्याच्याशेजारी तोफेची नळी उभी गाडलीय. वळणाऱ्या गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून ही सोय होती. घर बांधणाऱ्याला दगडाचं मोल नव्हतं, त्याला फक्त एक दगड हवा होता.

पुढे मोर्टेन त्रोत्सिग ही गल्ली लागते. अरुंद टोकाला ती 90 सेंटिमीटरच रुंद आहे आणि पायऱ्या 36. वरून खाली उतरा, फोटो खालून वर बघत काढा. सकाळी नऊच्या आत गेलात तर रिकामी मिळेल.

स्तूरतोर्येत चौकात 1520च्या नोव्हेंबरमध्ये डेन्मार्कच्या राजा ख्रिस्तियान दुसऱ्यानं ऐंशीहून जास्त स्वीडिश सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांची कत्तल केली. त्यातूनच बंड पेटलं आणि 1523मध्ये गुस्ताव वासा राजा झाला. चौकातल्या जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत आता नोबेल संग्रहालय आहे. ते लहान आहे, तासभर पुरे. शेजारच्या स्तूरशिर्कान या चर्चला तिकीट आहे, तरी आत जाच. सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचं 1489चं शिल्प ओकच्या लाकडात आहे, आणि ड्रॅगनच्या अंगावरचे काटे मूस हरणाच्या खऱ्या शिंगांचे. जवळ जाऊन बघितल्याशिवाय ते कळत नाही. याच चर्चमध्ये सूर्याभोवतीची खळी दाखवणारं चित्रही आहे. 20 एप्रिल 1535 रोजी शहरावर दिसलेल्या दृश्याचं ते, 1636ची प्रत. शहराचं सगळ्यात जुनं रंगीत चित्र म्हणून ते ओळखलं जातं.

राजवाड्यासमोरच्या फिनिश चर्चच्या मागच्या अंगणात लोखंडाचा एक मुलगा बसलाय, उंची 15 सेंटिमीटर. नजर गुडघ्याच्याही खाली ठेवा, नाहीतर शेजारून निघून जाल. हिवाळ्यात कुणीतरी त्याला विणलेली टोपी घालून जातं.

प्रश्न : सिटी हॉलच्या ब्लू हॉलमध्ये निळं काहीच नाही, असं का? मनोऱ्यावर चढावं का?

वास्तुकार राग्नार ऑस्तबेर्ग भिंती निळ्या करणार होता. लाल विटा लागल्यावर त्याला त्याच आवडल्या आणि त्यानं बेत बदलला. नाव मात्र तेच राहिलं. इमारत 1923ची, तिला सुमारे 80 लाख विटा लागल्या. दर 10 डिसेंबरला नोबेलची मेजवानी याच दालनात होते. वरच्या गोल्डन हॉलच्या भिंतींवर 1 कोटी 80 लाख तुकड्यांचं मोझाइक आहे. तिथे दाराच्या वर घोड्यावरचा सेंट एरिक, म्हणजे शहराचा रक्षक संत, बिनडोक्याचा दिसेल. उंचीचा हिशेब चुकला, असं गाइड सांगतात.

आत फक्त टूरबरोबरच जाता येतं, आणि महापालिकेचा कार्यक्रम असला की दालनं बंद. आदल्या दिवशी तपासा. 106 मीटरचा मनोरा मे ते सप्टेंबरच उघडा असतो आणि एका वेळी थोडीच माणसं सोडतात, म्हणून त्याचं तिकीट टूरच्या आधीच घेऊन ठेवा. लिफ्ट अर्ध्यापर्यंतच जाते. पुढचा चढणीचा, विटांचा बोगदा ठेंगणा आहे. गुडघे दुखत असतील तर सोडून द्या, वर सांगितलेली मोन्टेलियुसवेगेन पुरे.

प्रश्न : मेट्रो स्टेशनं म्हणे चित्रांची आहेत. कुठली बघावीत?

शंभर स्टेशनांपैकी नव्वदहून जास्त ठिकाणी काही ना काही कलाकृती आहे. सगळी बघायच्या नादी लागू नका. निळ्या मार्गावरची स्टेशनं खडकात खोल खणलेली आहेत. खडक तासून गुळगुळीत करण्याऐवजी त्यावर काँक्रीट फवारलं, त्यामुळे गुहेचा आकार तसाच राहिला आणि चित्रकारांना तो वाकडातिकडा पृष्ठभाग मिळाला.

कुंगस्ट्रेडगोर्डेनला सुरुवात करा. जळून गेलेल्या माकालोस या वाड्याच्या शिल्पांच्या नकला तिथे भिंतीपाशी आहेत. पुढचं टी-सेंट्रालेन, पांढऱ्यावर निळ्या वेली. मग रोदहूसेत, आणि 11 क्रमांकाच्या गाडीनं सोल्ना सेंट्रुम. लाल आभाळाखाली हिरवं जंगल सगळ्या स्टेशनभर पसरलंय. जवळ जाऊन बघा, त्या जंगलात 1970च्या दशकातले स्वीडनचे प्रश्न रंगवलेत, उजाड होणारी खेडी आणि तोडलेली झाडं. फिरून टी-सेंट्रालेनला या, लाल मार्गाची 14 क्रमांकाची गाडी पकडा आणि इंद्रधनुष्याच्या स्ताडियोनला उतरा. दारं ओलांडून बाहेर न पडता हे सगळं होतं. सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी चार ते सहा टाळा, कामावर जाणाऱ्यांच्या वाटेत कॅमेरा घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही. गाडी प्रत्येक स्टेशनवर सोडून पुढची पकडायची असते, म्हणून निवांत दीड तास धरा. 75 मिनिटांची मुदत दारातून आत शिरल्याच्या क्षणापासून मोजली जाते, हे ध्यानात ठेवून शेवटचं स्टेशन निवडा.

प्रश्न : सोबत सत्तरी पार केलेले आईवडील आहेत. चालणं फार झेपत नाही.

वासा संग्रहालयात लिफ्ट आहे, फरशी सपाट आहे आणि बाकंही भरपूर. स्कान्सेन टेकडीवर आहे. मुख्य दारातून सरकत्या जिन्यानं वर जाता येतं. उन्हाळ्यात बाजूच्या दारातून छोटी दोरगाडीही वर नेते. गाम्ला स्तानच्या दगडी फरशीवर चाकांची खुर्ची आणि टाचेचे बूट दोन्ही वैतागतात. तिथे जाडसर तळव्याचे बूट हवेत, फिरणं तासाभराचंच ठेवा. सिटी हॉलची टूर जिन्यांची आहे, आधी कळवलं तर लिफ्टची सोय होते. थकल्यावर स्लुसेन ते यूरगोर्डन फेरी दोनदा करा. साध्या तिकिटात बंदर बघून होतं. पूल आणि कालव्यांतून फिरवणाऱ्या महागड्या बोटींना जितका वेळ लागतो, तितका यात लागत नाही.

प्रश्न : डिसेंबरात जावं की जूनमध्ये?

जूनमध्ये दिवस साडेअठरा तासांचा. डिसेंबरात जेमतेम सहा, दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. डिसेंबरात गेलात तर बाहेरची कामं दहा ते दोनमध्ये आणि संग्रहालयं नंतर. रस्त्यांवर बर्फ घट्ट झालेला असतो, बुटांना खाली लावायचे खिळ्यांचे पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, पहिल्याच दिवशी घ्या. छतावरचा बर्फ खाली पडण्याचा इशारा देणारे फलक फुटपाथवर असतात. ते असले की रस्त्याच्या पलीकडून चाला. 13 डिसेंबरला संत लुसियाच्या नावानं निघणाऱ्या मेणबत्त्यांच्या मिरवणुका, आणि स्तूरतोर्येतचा नाताळ बाजार, एवढ्यासाठी डिसेंबर योग्य. सिटी हॉलचा मनोरा मात्र बंद.

जूनमध्ये मिडसमर या उन्हाळी सणाचा शुक्रवार (19 ते 25 तारखेच्या दरम्यान येतो) टाळा. शहर ओस पडतं, दुकानं आणि बरीच हॉटेलं बंद. त्याच दिवशी तिथे असाल तर स्कान्सेन गाठा, फुलांचा खांब उभारून नाच होतो. उत्सवासाठी गर्दी करतात ती तिथेच.

प्रश्न : ड्रॉटनिंगहोल्म राजवाड्यासाठी अर्धा दिवस घालवावा का?

तिसरा दिवस असेल तर नक्की. 1991 पासून युनेस्कोच्या यादीत असलेल्या या वाड्यात राजघराणं राहतं. पण खरं आकर्षण 1766चं नाट्यगृह आहे. राजा गुस्ताव तिसरा 1792मध्ये मारला गेल्यावर ते बंद पडलं आणि 1921 पर्यंत कुणी त्याकडे फिरकलं नाही, म्हणूनच दोरखंड, चक्र आणि लाकडी यंत्रणा मूळचीच राहिली. पडदे आजही हातानंच ओढतात. आत टूरबरोबरच जाता येतं. उन्हाळ्यात सिटी हॉलजवळच्या धक्क्यावरून बोटीनं जा, तासभर लागतो. येताना बसनं ब्रोम्माप्लान आणि तिथून हिरव्या मार्गाची मेट्रो, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात.

प्रश्न : सगळ्या ठिकाणांचा एकत्रित पास परवडतो का?

दिवसाला तीन-चार महाग ठिकाणं करणार असाल तरच. मुलांसाठी तर बहुधा नाही, कारण वासा त्यांना मोफतच आहे. शिवाय या पासमध्ये मेट्रोचं तिकीट धरलेलं नसतं.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. जेवणाचं काय?

आठवड्याच्या दिवसांत अकरा ते दोन या वेळात हॉटेलांत दुपारचं ठरावीक जेवण मिळतं, सॅलड, ब्रेड आणि बहुधा कॉफी धरून. रात्रीच्या मानानं ते खूपच स्वस्त, म्हणून मुख्य जेवण दुपारीच करा. फलकावर "वेगेतारिस्क" हा शब्द बघा, आणि मासे चालत नाहीत हे वेगळं सांगा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली विकत घेऊ नका. गुरुवारी बऱ्याच ठिकाणी वाटाण्याचं पिवळं सूप आणि पॅनकेक असा बेत असतो. सूप बघून डाळीची आठवण होईल, पण त्यात परंपरेनं डुकराचं मांस असतं. मांस नसलेलं सूपही काही ठिकाणी करतात, ते विचारल्याशिवाय ताट उचलू नका.